पुंडलिकरावांचा मोठा फोटो

भिलाईच्या प्लांटात लोखंड वितळवणारे हजारो असतील, पण लहानाचं मोठं करणारा माणूस एकच, असं श्यामराव इंगोल्यांचं स्वतःबद्दल ठाम मत होतं. ते ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. करंगळीएवढा बोल्ट आणून द्या, श्यामराव तो कागदावर पलंगाएवढा काढून देत, आणि त्याची एक रेघ इकडची तिकडे झालेली नसे.

"ड्रॉइंगमधी आपल्या मनाचं काई टाकायचं नाही," ते सांगत. "जे आहे ते. फक्त मोठं."

हे वाक्य ते ऑफिसात सांगत, लग्नाच्या पंगतीत सांगत, भाजीवालीलाही सांगत. त्यांच्या पत्नी कमलिनीबाईंना ते इतकं पाठ होतं, की 'ड्रॉइंगमधी' हा शब्द कानावर पडताच त्या उठून कुकरखालचा गॅस बारीक करायला जात. कुकर नसला तरी जात.

त्यामुळे एका संध्याकाळी म्हाताऱ्या तुळसाबाईनं आपलं दुःख सांगितलं, तेव्हा श्यामरावांना ते दुःख वाटलंच नाही. ते त्यांना ऑफिसचं काम वाटलं.

तुळसाबाई म्हणजे श्यामरावांची आई. तिच्या डोळ्यांची तऱ्हाच वेगळी होती. ओट्यावर बसल्या बसल्या ती रस्त्याच्या पार टोकाला वळलेली सायकल पाहून सांगायची, हा कोहक्याचा दूधवाला आणि आज त्याचं धोतर मागून फाटलं आहे. पण हातातल्या ताटात तांदूळ आहेत की साबुदाणा, हे तिला चाचपून पाहावं लागे. चष्मा करून दिला होता, तो लावला की तिला घर फिरताना दिसायचं, म्हणून तो पेटीत गेला.

त्याच पेटीत एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. श्यामरावांचे वडील पुंडलिकराव दुर्ग लाइनवर आमगावच्या अलीकडे रेल्वेच्या फाटकावर गेटमन होते. एकदा रूळ तुटलेला पाहून लाल झेंडी घेऊन ते धावत सुटले आणि त्यांनी गाडी थांबवली. साहेबानं हात मिळवला, नागपूरच्या पेपरात फोटो आला, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्यानंतर पुंडलिकराव कधी कॅमेऱ्यापुढे उभे राहिले नाहीत. एक फोटो झाला ना, मग आता कशाला, असं म्हणायचे. पुढे ते गेले, आणि मागे राहिला तो एवढाच फोटो.

"श्याम," तुळसाबाई त्या संध्याकाळी म्हणाली, "तुह्या बाबाचं तोंड मले आता आठवत नाही."

"असं कसं आई? पेटीत फोटो आहे ना."

"तो दिसते कोणाले? जवळ आणला तं धुकं, दूर नेला तं टिकली. आखजीले मी त्याईच्या नावानं पान वाढते, घास टाकते, अन् डोळे मिटले तं तोंडच येत नाही समोर. मंग मी जेवू कोणाले घालून राहिली?"

तुळसाबाई रडली नाही. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं, एवढंच. पण आत पोळ्या लाटणाऱ्या कमलिनीबाईंचं लाटणं थांबलं.

श्यामराव मात्र हसले. "हात्तिच्या! एवढंच ना? आखजीच्या आत बाबा भिंतीवर. मी कोठी काम करतो, आई? आम्ही लहानाचं मोठंच करतो दिवसभर."

आखजी, म्हणजे अक्षय तृतीया, महिन्यावर होती. आपल्या लोकांत त्या दिवशी पितरांना पाणी आणि जेवण पोचवल्याशिवाय घरात कुणी आंबा तोंडाला लावत नाही.

गोष्ट पुढे नेण्याआधी समोरच्या क्वार्टरबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तिथं हिरालाल साहू राहत, आणि श्यामरावांचं त्यांच्याशी बोलणं बंद होतं. भांडण मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या झाडावरून झालेलं. हिरालालच्या दारात मुनगा होता, शेंगांनी लगडलेला. शेंगांना कुणाची ना नव्हती, पण पावसाळ्यात त्यावर केसाळ सुरवंट येत, आणि वाऱ्यावर रस्ता ओलांडून कमलिनीबाईंच्या पलंगपोसावर उतरत. श्यामरावांनी टाउनशिपच्या ऑफिसात तक्रार केली. माणसं आली, झाड कापून गेली. हिरालाल तेव्हा नाइट शिफ्ट करून झोपले होते. उठून पाहतात तर दारात बुंधा. त्या दिवसापासून श्यामरावांची स्कूटर निघाली की हिरालाल आपली खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून बसत.

असो. श्यामराव कात्रण घेऊन पॉवर हाउसच्या बाजारात भैयालालच्या फोटो स्टुडिओत गेले.

भैयालालनं कात्रण उजेडात धरलं. "भाईसाहब, ये तो अखबार का है. बड़ा करेंगे तो दाने दिखेंगे."

"दाने का क्या डर है? तुम बड़ा करो. अपने मन का कुछ मत डालना."

आठवड्यानं फोटो आला, वहीच्या पानाएवढा. पुंडलिकरावांच्या चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत काळे खड्डेच खड्डे. तुळसाबाईनं तो हात लांब करून धरला, मान मागे नेली, आणि तिचा चेहरा पडला.

"अवो बाई. याईले देवी कधी आल्या होत्या?"

"आई, ते छपाईचे ठिपके आहेत."

"तुले काय माहीत? तू लहान होता." ती विचारात पडली. "आल्या असतील बाप्पा. मी माहेरी गेली होती तवा आल्या असतील."

दुसऱ्या दिवशी ती शेजारच्या कौशल्याबाईंना सांगत होती की, आमच्याईले देवी आल्या होत्या, लई हाल झाले होते. आधी तोंड आठवत नव्हतं, आता न झालेला आजार आठवायला लागला. कमलिनीबाई नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, हा फोटो घरात ठेवाल तर महिन्याभरात बाबाले लकवाही मारल्याचं आठवेल त्याईले. घेऊन जा."

श्यामराव फोटो घेऊन परत भैयालालकडे. तो म्हणाला, "मैंने तो पहले ही बोला था. अब ब्रश से फिनिशिंग कर देता हूँ. एकदम राजा बना दूँगा." तत्त्वाच्या विरुद्ध होतं, पण आखजी जवळ येत होती. श्यामरावांनी मान हलवली.

फिनिशिंग झालं. खड्डे गेले. पण खड्ड्यांबरोबर पुंडलिकरावही गेले. त्यांच्या जागी गुलाबी गालांचा, कोट घातलेला, मिशांना पीळ दिलेला एक गृहस्थ बसला होता. पुंडलिकरावांनी जन्मभर रेल्वेच्या निळ्या सदऱ्यापलीकडे काही घातलं नव्हतं. श्यामरावांनी मनाला समजावलं की आई म्हातारी आहे, तिला एवढं कुठं कळतं, आणि समोरच्या खोलीत फोटो टांगला.

तुळसाबाई मागच्या दारातून आली. खोलीच्या उंबऱ्यात तिनं वर पाहिलं, चटकन डोक्यावरून पदर घेतला, आणि दोन पावलं मागं सरून स्वयंपाकघरात गेली.

"सूनबाई," ती हळूच म्हणाली, "समोरच्या खोलीत कोण पाहुणे आले? चहा ठेवला का त्याईले?"

"आत्याबाई, फोटो आहे तो."

"कोणाचा?"

कमलिनीबाईंच्यानं सांगवेना. श्यामराव पुढं झाले. "बाबांचाच आहे, आई. थोडा दुरुस्त केला."

तुळसाबाईनं मुलाकडे असं पाहिलं की त्यांना आपण शाळेतून पळून आलो आहोत असं वाटलं. "परक्या माणसाले घरात टांगून मले म्हणतो नवरा आहे?"

त्यानंतर ती समोरच्या खोलीत येईचना. ओट्यावर जायचं तर मागच्या दारानं निघून पूर्ण क्वार्टरला वळसा घालून जायची. शेवटी तो गृहस्थ पलंगाखाली गेला.

आता श्यामराव इरेला पेटले. "दुसऱ्याच्या हातात काम दिलं, तिथंच चुकलं," त्यांनी जाहीर केलं. "मी काढतो बाबांना. स्केलनं."

बाजारातून त्यांनी सगळ्यात मोठा ड्रॉइंगचा कागद आणला. घड्याळजीकडून भिंग आणलं. समोरच्या खोलीतला पलंग उभा करून भिंतीला टेकवला, कागद जमिनीवर पसरला, कात्रणावर केसासारख्या बारीक चौकटी आखल्या, कागदावर मोठ्या चौकटी आखल्या, आणि रोज ऑफिसातून आले की ढोपरांवर बसून भिंगातून एकेक ठिपका पाहायचा आणि चाळीसपट मोठा करून काळ्या शाईनं भरायचा, असा उद्योग सुरू झाला. लहान ठिपका लहान, मोठा ठिपका मोठा. कानाजवळ एका ठिपक्याला शेपूट होतं, तेही त्यांनी शेपटासकट मोठं केलं.

कमलिनीबाई झाडू घेऊन दारात उभ्या राहिल्या. "ठिपके तर झाले. आता रांगोळी कधी जोडता?"

"जोडायचं नाही. ड्रॉइंगमधी आपल्या मनाचं..."

कमलिनीबाई गॅस बारीक करायला गेल्या.

नाक कागदाला टेकवून काम चाललं असल्यामुळे पूर्ण चित्र कसं दिसतं, हे श्यामरावांनी कधी पाहिलंच नाही. पाहणार तरी कसे? त्या खोलीत दोन पावलं मागं सरलं की पाठीला कपाट लागायचं. त्यांना एवढंच माहीत होतं की एकही ठिपका चुकलेला नाही.

आखजीच्या आदल्या दुपारी फ्रेम आली. ती इतकी मोठी होती की तिला एकच भिंत पुरली, समोरच्या दाराच्या बरोबर सामोरची. जाड खिळे ठोकून श्यामरावांनी फ्रेम चढवली, घाम पुसला आणि हाक मारली. "आई, ये. बाबा आले."

तुळसाबाई आली. सवयीनं पदर डोक्यावर घेऊनच आली. खोलीत चौघांना पुरेल एवढीही जागा नव्हती, त्यामुळे ती फ्रेमच्या अगदी पुढ्यात उभी राहिली. भिंतभर काळे ठिपके. कुठं हरभऱ्याएवढे, कुठं बोराएवढे. तिनं हात पुढं करून काचेवरून बोटं फिरवली, वरून खाली, डावीकडून उजवीकडे, तांदळात खडे शोधतात तशी.

"चाळणी हाये का रे ही?"

श्यामरावांनी वर पाहिलं. खरंच चाळणी होती. नाक नाही, डोळे नाहीत, बाबा नाहीत.

तुळसाबाईला मुलाचा चेहरा दिसला नसेल, पण श्वास ऐकू आला असावा. तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. "चांगलं काढलं रे. मेहनत लई केली तू. राहू दे आता. नाही आठवत तं नाही आठवत. म्हातारपणी का काय काय आठवावं माणसानं?"

रागावली असती तर बरं झालं असतं. त्या रात्री श्यामराव फ्रेमकडे पाठ करून जेवले. फ्रेम काढून टाकावी म्हटलं तर खिळे असे बसलेले की भिंत सोबत आली असती. ते स्वतःच्या कामावर इतके कधी चिडले नव्हते.

आखजीची सकाळ उजाडली. आत पुरण शिजत होतं, चिंचवणीचा वास सुटला होता. श्यामराव ओट्यावर नवा माठ भरत होते, आणि फाटक वाजलं. पाहतात तर हिरालाल साहू. मुनगा कापल्यापासून त्या माणसानं हे फाटक ओलांडलं नव्हतं. मागं त्यांची बायको पंचफुला, पदर तोंडाशी धरून.

"इंगोले जी," हिरालाल म्हणाले, "एक बात बोलनी थी. त्योहार का दिन है, झगड़ा नहीं करना. आपके घर जो सियान आए हैं, उनको थोड़ा समझा दीजिए."

"कौन सियान? कौन बुजुर्ग? हमारे यहाँ कोई नहीं आया."

"कल दोपहर से सामने के कमरे में बैठे हैं. सीधे हमारे आँगन में देखते हैं. पलक तक नहीं झपकाते. घर में बहू-बेटियाँ हैं, अच्छा लगता है क्या?"

श्यामरावांना वाटलं, माणूस भांडण उकरून काढायला आला. "हिरालालजी, सवेरे सवेरे कुछ भी मत बोलो. घर में मैं हूँ, मेरी माँ है, मेरी बीवी है. बस."

"तो हम झूठ बोल रहे हैं? रात को मैंने हाथ हिलाया, राम-राम किया, तो भी वैसे ही घूरते रहे. पेड़ था तब तक परदा था. पेड़ आपने कटवा दिया, अब आदमी बिठा दिया."

"झाडाचं नाव काढू नका तुम्ही," श्यामराव तावातावानं मराठीत आले. "चार सुरवंटांसाठी तुम्ही..."

"लबारी नइ मारत हन भैया," पंचफुला मध्येच बोलली. तिचा आवाज हळू होता पण ठाम होता. "मैं अपन आँखी ले देखे हँव. मूड़ मा फेंटा हे, बड़े-बड़े कान हे, अउ डेरी डहर के मूँछ खाल्हे झुके हे."

आत काहीतरी खाली पडलं. पुरणाच्या हातांनी तुळसाबाई दारात येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत भिलाईची भाषा तिच्या कानात बरीच मुरली होती.

"काय म्हणाली बाई तू? कोणत्या बाजूची मिशी?"

पंचफुलानं आपल्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"विडी," तुळसाबाई म्हणाली. "त्या बाजूनं विडी वढत. सारखी वढून वढून मिशी खाली बसली होती तिकडची. मी हसायची त्याईले." पुरणाचा हात तिनं तसाच पदराला पुसला. "हे मी कशी विसरली वो?"

आणि ती चालायला लागली. चप्पल न घालता ओटा उतरली, फाटक ओलांडलं, रस्ता ओलांडला, आणि जिथं इंगोल्यांच्या घरचं पाऊल कधी पडलं नव्हतं, त्या हिरालालच्या ओसरीत जाऊन वळून उभी राहिली. श्यामराव हातात माठ तसाच घेऊन मागं धावले. तेही वळले.

त्यांच्या स्वतःच्या उघड्या दारात, आतल्या भिंतीवर, पुंडलिकराव होते.

ठिपके कुठं गेले कोण जाणे. फेटा होता, मोठे कान होते, डावी मिशी खाली वाकलेली होती. फाटक बंद करून गाडीची वाट पाहताना बाबा असेच बघत. जेवण घेऊन गेलेल्या लहान श्यामला वाटायचं, आपल्याकडंच पाहताहेत, आणि ते पाहत असायचे रुळाकडे. श्यामरावांच्या डोळ्यांत भसकन पाणी आलं. हातात माठ असल्यामुळे पुसताही येईना.

तुळसाबाईनं पदर सारखा केला. मग म्हणाली, "वाळले जरासे."

"तो ये... आपके पिताजी हैं?" हिरालालनी विचारलं. श्यामरावांनी मान हलवली. हिरालालनी घाईघाईनं चप्पल काढली आणि रस्त्यापलीकडे पाहून हात जोडले. "माफ करना बाबूजी. रात से मैं आपको क्या-क्या बोल रहा था."

"बइठ दाई," पंचफुलानं तुळसाबाईसाठी पाट आणला. दाई म्हणजे तिकडची आई.

त्या वर्षी इंगोल्यांच्या पितरांचं पान रस्ता ओलांडून गेलं. कमलिनीबाईंनी पुरणपोळी, चिंचवणी आणि कुरडयांचं ताट दोन्ही हातांत धरून नेलं, आणि एक रिक्षावाला ते जाईपर्यंत थांबून राहिला. तुळसाबाईनं हिरालालच्या ओसरीत बसून, नवऱ्याकडे डोळे भरून पाहत, पाणी सोडलं. मग सगळे तिथंच जेवले. श्यामरावांना आग्रह करून वाढलेल्या भाजीत मुनग्याच्या शेंगा होत्या, बाजारातून आणलेल्या. त्यांनी मान खाली घालून त्या चोखून चोखून खाल्ल्या.

पुढे ते रोजचंच झालं. उन्हं कलली की तुळसाबाई समोर जायची. पंचफुला चहा करायची. दोघींची भाषा निम्मी निम्मी जुळायची आणि तेवढ्यात सासरच्या सगळ्यांची उणीदुणी काढून व्हायची.

पावसाळ्यात मुनग्याच्या बुंध्याला धुमारे फुटले, आणि मुनगाच तो, बघता बघता कमरेएवढा झाला. एका सकाळी स्कूटर काढताना श्यामरावांना दिसलं की हिरालाल कोयता घेऊन आपल्या हातानं ते धुमारे छाटताहेत.

"रहने दो हिरालालजी," श्यामरावांना राहवलं नाही. "अब बढ़ने दो. हमको कोई तकलीफ नहीं."

"आपको नहीं है," हिरालाल मान वर न करता म्हणाले. "दाई को दिखेगा नहीं ना."

श्यामराव त्या दिवशी ऑफिसात कुणालाही काही ऐकवू शकले नाहीत. संध्याकाळी त्यांनी जवळच्या कुरुद गावाहून मुनग्याची एक जाड फांदी आणली आणि हिरालालच्या मागच्या अंगणात स्वतः खड्डा खणून लावली. सुरवंट आले तर येऊ देत, ते म्हणाले, पलंगपोस धुता येतो.

आता सगळं ठीक आहे, असं तुम्हाला वाटेल. आहेही. फक्त एक बारीक अडचण राहिली. दिवसभर राबून श्यामराव घरी येतात, समोरच्या खोलीतल्या आपल्या खुर्चीवर बसतात, पेपर उघडतात, आणि रस्त्यापलीकडून खणखणीत आवाज येतो, इतका की चार क्वार्टरांतली माणसं बाहेर येतात.

"श्याम, टकलं खाली घे. बाबाची मिशी झाकून राहिली."

श्यामराव घसरत घसरत खुर्चीत खाली जातात. मग आणखी खाली. शेवटी पेपर गुंडाळून स्वयंपाकघरात जाऊन बसतात, आणि कमलिनीबाई काही न विचारता त्यांच्यापुढे लसूण सोलायला ठेवतात.